सतरा नंबरचं मुखपृष्ठ

पेंटरकाकांनी उभ्या आयुष्यात घोडा एकदाच जवळून पाहिला, तोही सर्कशीतला, आणि त्यानं काकांच्या वहीचा कोपरा खाऊन टाकला. तरी काउबॉयच्या साहसकथांची बेचाळीस मुखपृष्ठं त्यांच्या हातची. उधळलेला घोडा, मागे धुरळा, लांबवर तांबडे डोंगर आणि खोगिरावर रुंद हॅटवाला एकांडा स्वार. दर महिन्याला नवी कथा यायची आणि लोक ती दुकानातच उभ्या उभ्या वाचायला सुरुवात करायचे.

स्वारासाठी समोर बसवायला कुणी मिळेना, तेव्हा काकू पुढे झाल्या. लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय टाकून, सासऱ्यांची हॅट चढवून आणि छत्री बंदुकीसारखी धरून त्या बसायच्या.

"अहो, आटपा की लवकर! या घोड्यानं मांड्या सोलून काढल्या माझ्या."

काका कागदावर खांदे रुंद करायचे, मिशी चिकटवायचे. डोळ्यांना मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. ते काकूंचेच राहिले. "काय करारी नजर आहे गड्याची!" असं वाचक म्हणायचे आणि काका गालातल्या गालात हसायचे.

पुढे मालिका बंद पडली. काका दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. मग हात थरथरायला लागला आणि ब्रश बरणीत गेले ते गेलेच.

एके दिवशी सकाळी जुन्या प्रकाशकांची मुलगी दारात उभी राहिली. वडील गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना तिला या कथा सापडल्या होत्या. सगळी मालिका पुन्हा छापायची, असं तिनं मनावर घेतलं होतं. मूळ चित्रं गोदामातल्या ओलीनं गेली होती. वाचकांकडच्या प्रती गोळा करून तिनं मुखपृष्ठांचे फोटो काढले. सतराव्या पुस्तकाची प्रत मिळाली, पण तिचं मुखपृष्ठच फाटून गेलेलं.

"तेवढं एक पुन्हा काढून द्या ना, काका."

काकांनी कपबशी उचलून दाखवली. कप बशीत किणकिणत राहिला. "बघ बाई. या हातानं घोडा काढायला गेलो तर शेळी व्हायची."

मुलीचा चेहरा उतरला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "काढतील ते. तू पंधरा दिवसांनी ये."

"अगं, परस्पर काय कबूल करतेस?"

"बेचाळीस वेळा मला घोड्यावर बसवलंत, तेव्हा विचारलं होतंत?"

झालं. काका कामाला लागले. मनगटाखाली काठी टेकवली की हात बराच स्थिर राहायचा. घोडा जमला. धुरळ्याला तर थरथर मानवलीच. चेहऱ्यासाठी मात्र त्यांनी काकूंना बोलावलं नाही. मासिकातल्या एका देखण्या तरुणाचा फोटो समोर ठेवून तीन दिवस खटपट केली.

चौथ्या दिवशी काकू चहा घेऊन आल्या आणि चित्रापुढे थबकल्या. "हा कोण? दाढीचा साबण विकायला आलाय का?"

काकूंनी चहा खाली ठेवला. "म्हातारी झाले म्हणून मी नको, होय ना?" हे हसत म्हणायचं त्यांच्या मनात होतं, पण हसू काही आलं नाही.

काकांनी ब्रश ठेवला. "वेडी आहेस का? गेल्या वर्षी तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुला उचलून सोफ्यावर बसवायची ताकद माझ्यात राहिली नाही. ते तुला सांगायचं कसं, म्हणून गप्प बसलो."

काकू म्हणाल्या, "अहो, मग खुर्ची आणा की."

हॅट कधीच फाटून गेली होती, म्हणून त्यांनी वेताची टोपली डोक्यावर पालथी घातली. दहा मिनिटं नजर रोखून बसायच्या, मग डुलकी लागायची. काका त्यांना उठवायचे नाहीत, जागं होण्याची वाट बघायचे. फक्त डोळे काढायला सात सकाळी गेल्या. कडेच्या सुरकुत्या आधी त्यांनी गाळल्या. मग एकेक करून सगळ्या परत काढल्या.

ठरल्या दिवशी मुलगी आली. बराच वेळ चित्राकडे पाहून चाचरत म्हणाली, "सुंदर आहे, काका. फक्त... कथेत तो तिशीचा आहे. हा जरा वयस्कर वाटत नाही?"

आजवर काकांनी प्रकाशकापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. जे सांगतील ते बदलून द्यायचे. या वेळी ते म्हणाले, "इतकी वर्षं उन्हातान्हात घोडा हाकतोय तो. सुरकुत्या राहतील."

काकू दारातून ऐकत होत्या. मुलीनं चित्राकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे. "अगंबाई! काकू, हा स्वार म्हणजे तुम्ही?"

"मिशी सोडून सगळी मीच," काकू म्हणाल्या.

मुलगी हसता हसता खाली बसली आणि एका सुरकुतीलाही धक्का न लावता चित्र घेऊन गेली.

पुस्तकं आली तेव्हा सतराव्याच्या आतल्या पानावर 'चित्र' या शब्दापुढे काकांचं नाव होतं आणि त्याखाली, 'स्वार' या शब्दापुढे काकूंचं. काकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "इश्श, नाव कशाला घालायचं?" आणि पुढचे कितीतरी दिवस ते पुस्तक त्यांच्या पिशवीत राहिलं. बाजारात, बसथांब्यावर, बँकेच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटलं की ते बाहेर यायचं. समोरच्याला खरं वाटायचं नाही. मग काकू मागे वळून बघायच्या आणि दोन पावलांवर उभे असलेले काका मान डोलवायचे.