नावाड्याचं पान

वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधणाऱ्या काकांना सगळे डिंकूकाका म्हणत. एकदा जादूगारांच्या सात खंडांच्या कादंबरीवरून दोन वाचक हमरीतुमरीवर आले: पाचशे वर्षांनी दंतकथा कोणाची उरेल, राजाची की चेटकिणीची?

"डोंबलाचा राजा!" काका उखडले. "त्याची पानं अजून करकरीत आहेत. फाटून येतं ते नावाड्याचं. सगळ्यांना पैलतीरी सोडून एकटा आगीत परत जातो ना, ते! अकरा वेळा चिकटवलंय मी."

ग्रंथपालबाईंनी ते पान काढलं. फाटलं होतं शिवणीपाशी. डिंकाच्या बोटांचे ठसे मात्र पान उलटायच्या कोपऱ्यावर होते, एकावर एक. काकांनीच ते वाचून वाचून फाडलं होतं.

बाईंनी पुस्तक मिटलं आणि गुपचूप काकांच्याच टेबलावर ठेवलं.