कोरी स्क्रीन

कापूरहोळच्या फाट्यावर गाड्यांच्या स्क्रीन बसवणारा एक फिटर आहे. बोलणं नको झालं, की तो स्क्रू ड्रायव्हर दातात धरतो. गिऱ्हाइकांपुढं त्याचा एकच हेका असतो: "नकाशा, फोन, समदं मोबाईल जोडून चालवा. मोबाईल काढला की स्क्रीन कोरी. गाडीच्या सॉफ्टवेअरमधी कायबी भरू नका, ती ठिवून घेती."

अपघातातल्या गाडीची स्क्रीन आली, की तो चपला काढतो, तिला टेबलावर करंट देतो आणि आत राहिलेली नावं एकटाच पुसतो.

माझा धाकटा भाऊ वरंध घाटात गाडीसकट गेला. मोबाईलचा चुरा झाला होता, स्क्रीन तेवढी शाबूत. वडील ती घेऊन मला फिटरकडं घेऊन गेले. "शेवटचा फोन कुणाला लावलाता, तेवढं बघा."

त्यानं चपला काढल्या. स्क्रीन पेटली. त्यानं वाचलं, मग माझ्याकडं बघितलं आणि बोटानं सगळं पुसून टाकलं.

"कोरी हाय, आण्णा. मोबाईल जोडून चालवायचा त्यो."

त्या दुपारी भावाचे तीन फोन मी उचलले नव्हते.

अजून त्या फाट्यावरनं जातो. मला बघितलं, की तो स्क्रू ड्रायव्हर दातात धरतो.