महत्त्वाकांक्षेचा रकाना

चोरखमारा गावाजवळच्या एका जंगल रिसॉर्टसाठी मी गाईडचे अर्ज भरून घेत होतो. तिथंच झाडलोट करणारी एक बाई पदराला हात पुसत समोर बसली. झाडीतून आवाज आला की तिची मान वळे, आणि ती पक्ष्याचं नाव सांगे.

"महत्त्वाकांक्षा?" मी पुढचा रकाना वाचला.

"म्हंजे का जी?"

"मोठं होण्याची इच्छा."

"मोठं नाही व्हाचं जी मले. पाखरं वळखू येतेत, थे लोकायले दाखवाचे हायेत."

मी रकान्यात 'नाही' लिहिलं. त्यावरूनच मालकानं तिचा अर्ज बाजूला काढला.

ती अजूनही भेटली की हात जोडते. त्या शब्दाचा अर्थ मीच चुकीचा सांगितला, हे तिला सांगायचं धैर्य मला झालेलं नाही.