हळदीच्या गाण्यावरची तक्रार

दिनांक ५ मे २०२५ रोजी, महिना १,५०१ रुपये मानधनावर, मी अंबाजोगाईतल्या एका म्युझिक चॅनलमध्ये उन्हाळी इंटर्न म्हणून रुजू झालो. वय सत्तावन्न, शिक्षण बी.कॉम., नोकरी पतसंस्थेत हिशेबनीसाची. निवृत्ती जवळ आलेली आणि शिल्लक रजा वाया जाणार होती. मागच्या रजेत मी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर डाळ भरल्याची तारीख चिकटवली होती. त्यामुळे या वेळी सत्यभामाने, म्हणजे माझ्या पत्नीनेच, शेजारच्या मृत्युंजयला गळ घातली, "ह्यांना तुझ्या स्टुडिओत कुठंतरी बसव बाबा. पगार न्हाई दिला तरी चालंल."

मृत्युंजयचा स्टुडिओ म्हणजे खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भागातल्या गायकांची गाणी तो तिथे रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचा. त्यात सर्वांत जास्त चालणारं गाणं नीलाबाईंचं, हळदीचं.

नीलाबाई घाटनांदूरच्या. दिवसभर ब्लाउज शिवायच्या आणि लग्नसराईत हळदीला गायच्या. कित्येक वर्षं गाण्याबद्दल त्यांना नारळ आणि ब्लाउजपीस मिळत आला. गाणं चॅनलवर आल्यापासून मात्र लोक फोन करून सुपारी देऊ लागले, रोख पैसे देऊ लागले. त्यातले निम्मे भाड्याच्या स्पीकरमध्ये जायचे. म्हणून त्यांनी एका जुन्या स्पीकर-माइकसाठी दुकानदाराला इसार दिला होता. बाकी रक्कम मेअखेर भरायची, नाहीतर इसार बुडाला.

"काका, आपलं गाणं कुठं कुठं वाजतंय ते जरा बघा," मृत्युंजयने मला सांगितलं. मी पाहिलं. ते अनेक लग्नांच्या व्हिडिओंत वाजत होतं आणि परवानगी एकानेही घेतलेली नव्हती. मृत्युंजयने मला चॅनलचा पासवर्ड दिला, ही त्याची चूक. यापुढच्या सगळ्या माझ्या. मी एकेका व्हिडिओवर मालकी हक्काची तक्रार नोंदवत गेलो. व्हिडिओ भराभर उतरले. इतकं समाधान मला वार्षिक ताळेबंद जुळल्यावरही झालं नव्हतं.

आठवड्याने नीलाबाई स्टुडिओत आल्या.

"मृत्युंजय, माज्या फोनला काय झालं रे? रिचार्ज तर केलाय. कुनीच बोलवंना."

मृत्युंजयने लग्नांचे व्हिडिओ शोधले. सापडेनात. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी अभिमानाने अहवाल पुढे केला.

"अहो काका, ते व्हिडिओ बघूनच लोक बाईंना बोलवत होते! फुकटची जाहिरात बंद पाडली तुम्ही!"

नीलाबाई चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साहेब, तुमी कावून माज्या मागं लागला? मी तर तुमाला वळखत बी न्हाई."

चार शिव्या परवडल्या असत्या.

तक्रारी मी त्याच दिवशी मागे घेतल्या. पण सर्वांत जास्त व्हिडिओ टाकणाऱ्या शूटिंगवाल्या युवराजने वैतागून आपले सगळे काढूनच टाकले होते; ते पुन्हा चढवायला तो बधेना. आधी घाटनांदूरच्या अण्णारावांना शांत करा, म्हणाला. अण्णाराव तिथले पुढारी. त्यांच्या थोरल्या मुलीच्या हळदीचा व्हिडिओही मी उतरवला होता. मी फोन लावला.

"आपल्या कन्येच्या हळदी समारंभावरील तक्रारीच्या अनुषंगाने..."

"तक्रार? आमच्या लेकीच्या हळदीवर? कोन्या गटाचे तुमी?"

"मी इंटर्न आहे."

"हा कोनता नवा गट निघाला?"

शेवटी ठरलं: त्याच आठवड्यात त्यांच्या धाकटीची हळद होती. तिथे येऊन मी माइकवर सर्वांसमोर खुलासा करायचा. "आन त्या गानाऱ्या बाईला बी घेऊन या."

मांडवात मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेलो. हळदीला पांढरा शर्ट घालून जाणारा माणूस किती हुशार असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा. खिशातून मुद्द्यांचा कागद काढून मी पहिला मुद्दा वाचला. दुसऱ्या मुद्द्याला नवरीच्या मावशीने माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. "हे कोन मामा हायत? हळदीत भाषन करायलेत!" तिसरा मुद्दा सुरू होताच नीलाबाईंनी माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि गायला सुरुवात केली.

बायका उठून नाचू लागल्या. युवराजने कॅमेरा माझ्यावरून काढून त्यांच्याकडे वळवला. अण्णाराव लांबून मला हात करून सांगत होते, बसा आता.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ आणि बाकीचे सगळे युवराजने आपल्या चॅनलवर चढवले. फोन वाजू लागला. मेअखेर चार सुपाऱ्या झाल्या, त्यातल्या दोघांनी आगाऊ पैसे दिले, आणि स्पीकरची रक्कम भागली.

स्पीकर आणायला मी नीलाबाईंसोबत गेलो. दुकानापासून स्टँडपर्यंत रिक्षा केली. स्पीकर माझ्या मांडीवर, माइक त्यांच्या पदराखाली.

"नीट धरा साहेब," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर काय तक्रार असंल तर आत्ताच सांगा."

स्टँडवर उतरल्यावर माझ्याकडे पाचशेची नोट होती, सुटे नव्हते. भाडं नीलाबाईंनी दिलं. ते साठ रुपये मी त्यांना अजून देणे लागतो.