रविवारी सातची कालवं

माझे वडील सांगलीकडचे शेतकरी. सरावलीला माझ्या घरी आले की दोन रात्रींच्या वर कधी राहिले नाहीत. म्हणायचे, "तुमच्याकडं सगळंच विकत. हातानं काढून खावं असं काय हाय इथं?" त्यांना जास्त दिवस थांबवायचं, ही माझी जुनी हौस.

गेल्या हिवाळ्यात उपाय सापडला. घिवलीच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींनी मला रविवारी सकाळी सात वाजता, ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर कालवं काढायला शिकवलं. कोयतीच्या टोकानं शिंपला उचकटायचा, आतला गर डब्यात टाकायचा. दोन तासांत माझी तीन बोटं कापली आणि डब्याचा जेमतेम तळ झाकला. तरी घरी आलो तो गड जिंकल्याच्या थाटात. लगेच वडिलांना फोन केला. "येत्या शनिवारी या. हातानं काढलेलं खायला घालतो."

ते आले. रविवारी ठीक सातला आम्ही किनाऱ्यावर. माझ्या हातात कोयती, त्यांच्या हातात डबा. खडक कुठेच नव्हते, नुसतं पाणी. मी घड्याळ पाहिलं. घड्याळ बरोबर होतं.

मावशी बाजूलाच मासळी सुकत घालत होत्या. हसू दाबत म्हणाल्या, "दादा, दर्या काय तुमच्या कंपनीत कामाला नाय. ओहोटी रोज पाऊण तास पुढं सरकते. आता भरती हाय. दुपारला ओहोटी येल, पन हे भांगाचं पानी, लांब जात नाय. खडक उघडे नाय पडनार."

बारा वर्षं कारखान्याच्या भोंग्यावर उठणारा माणूस मी. समुद्रालाही पहिली शिफ्ट लावून मोकळा झालो होतो. फार लाज वाटली. वडिलांची परतीची गाडी सोमवारची होती, आणि ते ही गोष्ट गावभर सांगणार यात शंका नव्हती.

त्यांनी मात्र विहिरीच्या पाण्याची पाळी विचारावी तसं मावशींना विचारलं, "मग खडक कवा उघडे पडतील?"

"पुढल्या रविवारी. याच टायमाला. तवा उधाणाचं पानी, लांब जातं."

आम्ही रिक्षानं परतलो. घराजवळ आल्यावर ते म्हणाले, "उद्याचं तिकीट रद्द कर. रिकामा डबा बघून कसा जाऊ?"

मला भलताच आनंद झाला. कालची धरून आठ रात्री. मी बोटांवर मोजून पाहिल्या, पट्टी बांधलेली तीन बोटंसुद्धा धरून.