पितळी वाट्या

कापसाचे ते दिवस वाईट होते. बाया सराफाकडे जायच्या त्या दागिने मोडायला, घडवायला कोणी जात नव्हतं. त्यामुळेच आमचं दुकान चाललं, हे म्हणताना आजही जीभ अडखळते. मी आणि माझी थोरली जाऊ घरीच मणी ओवून गळ्यातली-कानातली करायचो आणि नवरात्रात पुसदला देवीच्या मंडपाजवळ दुकान मांडायचो.

अष्टमीच्या दुपारी एक तरुण बाई दुकानासमोरून नुसतीच ये-जा करत होती. गर्दी सरल्यावर वाकून हळूच म्हणाली, "ताई, सोन्यासारख्या दिसतीन अशा वाट्या हायेत का?"

तिने पदराखालून मंगळसूत्र काढलं. काळे मणी जागेवर होते, मधल्या दोन वाट्या नव्हत्या. पोराच्या आजारपणात तिने आणि नवऱ्याने त्या मोडल्या होत्या. सासूला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून ती गळ्याशी पदर आवळून घरात वावरत होती.

"उद्या सवाष्णी जेवाले येतीन," ती म्हणाली. "आत्याबाई मले सगळ्यांच्या मंधात बसवतीन."

गळा रिकामा राहू नये म्हणून जावेने तिला काळ्या मण्यांची साधी सर बांधली. मी मंगळसूत्र सोडवून मांडीवर घेतलं. निम्मे मणी ओवून झाले असतील, तोच तिचा चेहरा पडला. "आत्याबाई आल्या," ती पुटपुटली.

सासू थेट दुकानापाशी आली. "तू देवीच्या रांगेत होती ना? इथं काय करून राह्यली वं?"

तिची नजर सुनेच्या गळ्यावर गेली, तिथून माझ्या मांडीवर. पितळी वाट्यांची पुडी जावेपुढे उघडीच होती. जावेने तिच्यावर पदर ओढला, पण उशीर झाला होता.

"दोरा तुटला, मावशी," मी म्हणाले. "ओवून देते."

"अन् वाट्या?"

सुनेने मांडवाचा बांबू घट्ट धरला होता. मागे दोन बाया कान देऊन थांबल्या होत्या. आता ही भर बाजारात पोरीची अब्रू काढणार, असंच मला वाटलं.

सासूने वळून त्या बायांकडे पाहिलं आणि त्यांच्याकडे पाठ करून ती खाली बसली. जावेच्या पदराखालची पुडी स्वतः काढून एक वाटी अंगठ्याने चोळली.

"पोरासाठी मोडल्या?"

सुनेने मान हलवली.

"अन् मले कोणी सांगतलं नाही." आवाज जराही चढला नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मग ती मला म्हणाली, "ओव. दोरा दुहेरी घे."

ओवून होईपर्यंत ती जागची हलली नाही. मंगळसूत्र तिनेच सुनेच्या गळ्यात घातलं, साधी सर सोडून माझ्यापुढे ठेवली आणि मागे न पाहता चालू लागली. सून जवळजवळ धावतच तिच्यामागे गेली.

दसऱ्याला सासू एकटी आली. "हे पॉलिश किती टिकते?"

"घामानं लवकर जाते, मावशी. दिवाळीपर्यंत राह्यलं तं पुष्कळ."

"मंग अजून एक जोडी दे."

मी भीत भीत पोराचं विचारलं.

"खेळते आता." मग म्हणाली, "सोन्याचा राग नाही मले. पण नातू माहा बी हाये ना? दोघं मले भेतेत, हे मले माहीतच नव्हतं."

मी वाट्या पुडीत बांधून दिल्या. तिने त्या कनवटीला खोचल्या आणि एसटी स्टँडकडे निघून गेली.