आधी बाळंतिणीची दृष्ट

माझ्या सासूबाई देवभोळ्या, पण त्यांच्याइतकी शहाणी बाई मी पाहिली नाही. बाळ झालं तेव्हा मस्कतजवळ सीबच्या आमच्या फ्लॅटमध्ये माणसांची रीघ लागली. सगळे बाळाला बघायचे. मी आत उगाचच रडत बसायचे. नवरा म्हणायचा, "होईल ठीक, इन्शाल्ला." त्याचा तर अस्सा राग यायचा!

चिपळूणहून आलेल्या सासूबाई रोज तिन्हीसांजेला बाळाची दृष्ट काढत. एकदा मीठमोहऱ्या मुठीत घेऊन त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो आई, बाळाची काढा ना."

"त्याला काय धाड भरलीय? झोपलंय मजेत."

माझ्यावरून ओवाळलेल्या मीठमोहऱ्या त्यांनी जाळल्या आणि लेकाला हाक मारली, "हे झालं माझ्या समाधानासाठी. आता हिच्यासाठी गाडी काढ. मनाच्या डॉक्टरकडे जायचंय."